सिद्राम अप्पांचा मृग

सिद्राम अप्पा मृदंगावर आधी थाप मारत नसत. नुसती टिचकी मारायचे, कान लावायचे आणि हवामान सांगायचे. "चढलाय. हवा कोरडी हाय. आठ दिस पाऊस न्हाई." आम्ही गिटारवाले मोबाइल बघून तारा लावायचो, त्याचं त्यांना भारी हसू येई.

औशाजवळच्या त्यांच्या गावात ते शिवभजनाला साथ करत. लातुरात आमचा रॉक बँड होता आणि बिघडलेल्या ऋतुचक्रावर एक गाणं माझ्या डोक्यात घोळत होतं. अप्पांना धरून आणलं. ड्रमच्या दणदणाटात त्यांचा मृदंग असा काही बसला की बोलायची सोय नाही. मृगापासून हस्तापर्यंतची नक्षत्रंही त्यांनीच गायली. पहिली ओळ, 'मृग निघाला, धरा मूठ,' म्हणजे बियाण्याची मूठ धरा, पेरणीला लागा. पुढे एकेक नक्षत्र कोरडं जातं आणि ऐन काढणीत सगळा पाऊस कोसळतो. लोकांनी मात्र पहिली ओळच उचलली. ती गावोगाव रिंगटोन झाली आणि मी हुरळून गेलो.

त्या वर्षी मृगात एकच सर पडली. अप्पा सांगत होते, "थांबा, मृदंग अजून उतरला न्हाई." गावकरी हसले. "अप्पा, तुम्हीच तर गायलात की, धरा मूठ म्हणून." सगळं गाव पेरून मोकळं झालं. मग महिनाभर थेंब नाही. सोयाबीन मातीतच करपलं.

अप्पा लातूरला आले. चहालासुद्धा नको म्हणाले.

"ती ओळ काढ लेका. माझ्या आवाजावर पेरलं लोकांनी. जल्मभर जे खरं होतं तेच गायलो. आता ते खरं न्हाई ऱ्हायलं."

"अप्पा, गाण्याचा जीवच त्या ओळीत आहे."

"गाण्याचा जीव. बरं."

एवढंच बोलून ते उठले. वाजवण्याआधी मृदंगाला लावतात ती कणीक त्यानंतर त्यांनी कधी लावली नाही, भजनातसुद्धा नाही. माझ्या हट्टापायी एका माणसाचा हात थांबला. मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

दोन वर्षांनी माघात, भर गारपिटीत अप्पा गेले. समाधीसाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी भरलं होतं. ते बादल्यांनी उपसून मगच त्यांना लिंगायत रीतीप्रमाणे बसवलं.

आता आम्ही ती ओळ गात नाही. तिथं सगळी वाद्यं थांबवतो. परवा मृगाला चार दिवस असताना अहमदपूरला कार्यक्रम झाला. नेहमीसारखे थांबलो, तर समोरचं अख्खं मैदान हात वर करून एका आवाजात गायलं, 'मृग निघाला, धरा मूठ.'