पत्र्यामागची माती

नेवाशात एका ड्रायक्लीनच्या दुकानात मी इस्त्री करते. शेजारच्या बोअरच्या पाण्याला वास येतो, म्हणून माती तपासणारे एक साहेब परवा तिसऱ्यांदा आले. ते काचेची बरणी मातीनं काठोकाठ भरतात आणि झाकण लगेच आवळतात. "वारा लागला की वास उडतो, अन् माती खोटं बोलती," म्हणतात.

शेठ दर वेळी त्यांना पुढच्या अंगणातच नेतात. ड्रायक्लीनच्या मशीनचा उग्र वासाचा गाळ मात्र शेठच्याच सांगण्यावरून मी पत्र्याच्या शेडमागं ओतते. या वेळी मी साहेबांकडं पाहून नुसती तिकडं मान वळवली. ते बरणी घेऊन शेडमागं गेले.

"कुणी दाखवलं?" शेठ ओरडले.

"तिथं गवत उगवंना, शेठ. आंधळ्याला बी कळंल," साहेब हसत म्हणाले आणि खणू लागले.

जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. "ताई, तुमीच वतता ना? आता वतू नका."

"शेठ रागावले तर?"

"माझं नाव सांगा."

ते नाव विचारायचा धीर मला झाला नाही. दुसऱ्या दिवशी गाळाची बादली मात्र मी उचलली नाही.