इंजिनखोलीतलं चाक

गल्लीत त्यांना सगळे 'इंजिनवाले' म्हणत. कुणाचा पंप अडला, कुणाचा मिक्सर रुसला, की हे पाना घेऊन हजर. पण ज्या युद्धनौकेच्या इंजिनखोलीत सहा वर्षं काढली, तिच्याविषयी घरात चकार शब्द नाही. तिचं आता संग्रहालय झालंय, हे सुनेनं पेपरात वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी पान उलटायला सांगितलं. दोन वर्षांनी मात्र एका सकाळी ते बूट घालून तयार. "चल सूनबाई, आजच जाऊ."

दिवसभर ते डेकवरच घुटमळले. बंद व्हायला वीस मिनिटं उरली, तेव्हा इंजिनखोलीच्या उभ्या शिडीवरून उतरू लागले.

"बाबा, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलंय."

"चढतोय कुठं? उतरतोय."

खाली एक पाटी होती. इथे वाफेचा नळ फुटून एक खलाशी दगावला. कारण, यांत्रिक बिघाड. तिच्याकडे न बघता ते साखळी ओलांडून कोपऱ्यातल्या चाकाशी गेले आणि घराच्या किल्लीनं त्यावरचा रंग खरवडू लागले.

"अहो, काय करताय? कुणी बघेल."

"नळ फुटला तेव्हा हे चाक फिरवून वाफ बंद करायचं काम माझं. मी उजवीकडे फिरवलं, तेवढं पक्कं आठवतं. पण या बोटीवर काही चाकं डावीकडे बंद व्हायची. हे त्यातलं होतं का, तेच आठवत नाही. रंगाखाली बाण असणार. मला इस्पितळात नेलं, मग बदली. चौकशीत मी सांगितलं, बंद केलं होतं. एक्केचाळीस वर्षं झाली."

वर शिट्टी वाजली. पहारेकऱ्याची पावलं लोखंडावर धाडधाड वाजत जवळ येऊ लागली. त्यांच्या हातातून किल्ली दोनदा निसटली. सुनेनं ती उचलली. आता ही ओढत वर नेणार, असं त्यांना वाटलं. ती वाकली आणि स्वतःच खरवडू लागली. पांढरा रंग गेला, राखाडी गेला, खाली पितळ चमकलं. ती थांबली.

"कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

तिनं त्यांचा हात धरून चाकावर ठेवला. त्यांनी बोट फिरवलं. पितळेत ओतलेली अक्षरं, 'बंद'. शेजारी बाण. डावीकडे.

ते चाक धरून खाली बसले. "तो दाराशी पोचला होता गं. दोन पावलं राहिली होती. मी वाफ वाढवली."

"साखळीच्या आत कोण गेलं?" पहारेकरी शिडीवरून ओरडला.

त्यानं दोघांना वर, कार्यालयात नेलं. चढताना ते तीनदा थांबले. तिथल्या अधिकारी बाई रंगावरून बोलू लागल्या, तर ते म्हणाले, "माझी चूक झाली, कबूल. पण ती पाटी खोटी आहे. बदला."

"असं तोंडी चालत नाही, आजोबा. लेखी द्यावं लागतं."

सुनेनं पर्समधून पेन काढून दिलं. पहिली ओळ त्यांना दोनदा लिहावी लागली. मग शेवटपर्यंत लिहून त्यांनी सही केली.

बाईंनी कागद वाचला, मग हळूच विचारलं, "त्या खलाशाच्या घरचं कुणी आहे?"

"बहीण आहे. पत्ता पाठ आहे मला. कधी गेलो नाही."

"उद्या सकाळी निघू," सून म्हणाली. "मी रजा टाकते."