मंगळवारची गोळी

सकाळी हाताची बोटं वळेनाशी झाली, तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा देवीचा राग आला. अमरावतीत आमच्या गल्लीतल्या देवळात पुजारी तीर्थ द्यायचे, पण माझ्या तळहाताचा खळगाच होत नसे. तीर्थ बोटांमधून गळून जायचं. अठरा वर्षं मंगळवार निरंकार धरला, पाण्याचा थेंब घेतला नाही, त्याचं हे फळ? की माझ्याच हातून काही पाप घडलं होतं?

अकोल्याच्या डॉक्टरांनी पापाचा विषयच मोडीत काढला. हा आमवात. शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या सांध्यांना परकं समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते, असं ते म्हणाले. असं का होतं हे अजून पुरतं कळलेलं नाही. हिरड्यांची सूज, आतड्यातले जंतू यांचा काही संबंध आहे का, हे सध्या शोधताहेत. पण औषध वेळेत सुरू झालं तर सांधे वाचतात. गोळी आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. इतर दिवशी चुकूनही नाही. कोणता वार लक्षात राहील, असं त्यांनी विचारलं आणि मी शहाणी, मंगळवार म्हणून मोकळी झाले.

मंगळवारी तर पाणीही वर्ज्य, आणि बुधवारी घ्यावी तर डॉक्टरांची ताकीद. तीन महिने गोळ्या डब्यातच राहिल्या. डॉक्टरांनी विचारलं की मी घेते म्हणायचे. बोटं वाकडी होऊ लागली, तेव्हा औषध लागू पडत नाही असं समजून डॉक्टरांनी पुढच्या खेपेला जोरकस इंजेक्शन सुरू करायचं ठरवलं. त्या खेपेला अकोल्याला जाताना बसमध्ये मी देवीला म्हटलं, मला खरं बोलवत नाही, आता तूच बघ.

दवाखान्यात माझ्या शेजारी अकोल्याच्याच जुन्या शहरातली एक मुसलमान बाई बसली होती. तिची बोटंही माझ्यासारखीच. घरी नवऱ्यालाही न सांगितलेलं मी तिला सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही.

"ताई, मी बी रोज्यात असंच करून राहिली होती," ती म्हणाली. "मंग डॉक्टरले सांगतलं. त्यायनं गोळीचा टाइम बदलून देला. अल्लाले माहे हात मोडून काय भेटते? तुमच्या देवीले बी काय भेटते?"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आत जाऊन मी रडत रडत कबुली दिली. डॉक्टर रागावले, मग त्यांनी मंगळवार खोडून बुधवार लिहिला, आणि उपवासाला पाणी प्यायलाच हवं असं बजावलं. इंजेक्शन तूर्त राहिलं. बाहेर आले तर ती बाई निघून गेली होती. नावही विचारायचं राहिलं.

अठरा वर्षं मी देवीला उपास दिला, पण माझा हट्ट काही दिला नव्हता. तो त्या दिवशी सुटला. आता मंगळवारी पाणी पिते. बुधवारी सकाळी आधी देऊळ, मग भाकर, मग गोळी. सूज हळूहळू उतरली. परवा पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं आणि ते तळहातावर राहिलं. मी ते लगेच प्यायले नाही; त्या बाईसाठी डोळे मिटले, आणि तोवर एक थेंबही खाली पडला नाही.