कवटीपासून मनगटापर्यंत

सूनबाईंनी माझ्या गुडघ्यासाठी आंबेहळद उगाळून गरम केली, आणि त्या वासासरशी मी सोलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. मी तेव्हा डॉक्टरकी शिकत होते. तोंडी परीक्षेत एकदा आपटले होते. पुन्हा आपटले तर शिक्षण बंद, असं माझी फी भरणाऱ्या काकांनी बजावलं होतं.

वडील भिक्षुक. त्यांनी मला लहानपणापासून सगळं डोलत पाठ करायला शिकवलेलं. त्यामुळे हाडांची नावंही मला स्तोत्रासारखी यायची, पण कवटीपासूनच. मधलंच विचारलं की मी मुकी!

त्या सुट्टीत आई आडावर घसरली. सुजलेल्या मनगटावर आंबेहळद थापून माझ्यापुढे बसली. "बघ गं, कुठलं हाड मोडलं?"

मी शहाणीनं मांडी घातली, डोळे मिटले आणि कवटीपासून सुरुवात केली.

"अगं, हात दुखायलाय की, डोकं नव्हे!"

"मध्ये बोलू नकोस," वडील आईला म्हणाले, "जबड्यापर्यंत आलीय ती."

आईनं माझी बोटं ओढून स्वतःच्या मनगटावर टेकवली. "डोळे उघड आणि इथं बघ." त्या कोमट, चिकट लेपाखाली, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला बोट लागताच ती कळवळली, आणि मान, मणके, बरगड्या सगळं ओलांडून मी एकदम ओरडले, "रेडियस!"

पुढच्या परीक्षेत हातात हाड आलं तेव्हा मी डोळे उघडे ठेवून ते आधी चाचपलं. पास झाले. आई मात्र जन्मभर सांगत राहिली, "पोरीला डॉक्टर मी केलं, तेही एका हातानं."