चुकीच्या पारावरची पाटी

पौडच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे; सगळे मला चाचा म्हणतात. सहा दिवस मी कढया विकतो आणि सातव्या दिवशी इतिहास सांगतो. हसू नका. जवळच्या माण गावात भाड्याच्या खोल्यांत राहणारी, कंपन्यांत काम करणारी पोरंपोरी येतात. त्यांना मी मुळशीच्या धरणाकाठी पायी हिंडवतो. गोऱ्या साहेबाच्या अमलात जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याच्या जागा दाखवतो. सगळं फुकट. बायको म्हणते, बडबडायला मिळतं हाच तुमचा पगार. खोटं कशाला बोलू, आहेच तसं.

ही फेरी काठावरच्या एका गावात, पिंपळाच्या पारावर संपायची. तिथे मी छाती फुगवून सांगायचो, "याच पारावर बसून गावानं ठरवलं, तुरुंगात जाऊ पण जमीन सोडणार नाही!" मग तुरुंगात गेलेल्या गावकऱ्यांची एकेक करून नावं घ्यायचो. पोरं टाळ्या वाजवायची. शेजारच्या घरातली ऐंशी ओलांडलेली मावशी सगळ्यांना ताक द्यायची आणि उंबऱ्यात बसून ऐकायची. त्या नावांत पहिलं नाव तिच्या सासऱ्याचं.

गेल्या मे महिन्यात माझ्या डोक्यात आलं की पारावर हेच कोरलेली दगडी पाटी बसवायची. गावानंही उचलून धरलं. मी समोर उभा राहून पाटी कोरून घेतली, टेम्पोत घालून आणली. गाव जमलं, माझी रविवारची मंडळी जमली. मी नारळ हातात घेतला, तेवढ्यात मावशीनं मला बाजूला ओढलं.

"चाचा, राग मानू नका. ह्यो पार माझं लगीन झालं त्या साली बांधलाय. जुना पार पान्यात हाय."

धरणामुळे गाव उठून वर आलं, हे दर रविवारी मीच सांगायचो, आणि पार मात्र माझ्या मते जागच्या जागी! अक्कल गहाण ठेवली होती की काय कोण जाणे.

"ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?" मी चिडूनच विचारलं.

"टोकलं आन् तुमी यायचंच बंद केलं तर? मला सासऱ्याचं नाव घेता येत न्हाई, तशी रीत न्हाई. मालक गेलं, पोरं शेरात. त्येंचं नाव घेनारं ऱ्हायलंय कोन? तुमच्या तोंडून आठवड्याला ऐकाया मिळायचं."

"मग आज का सांगितलं?"

"बोलनं वाऱ्यावर जातंय. दगड ऱ्हातोय."

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, नारळ फोडावा आणि गप बसावं. कोणाला कळणार होतं? पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. वळलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मी चुकलो, पार हा नव्हे. मागून एक म्हातारा म्हणाला, "आमाला ठावं हुतं की!" पोरं खो खो हसली. मग मीही हसलो, काय करता? जीव मात्र एकदम हलका झाला.

पाटी भिंतीला टेकवून ठेवली आणि सगळे धरणाकडे उतरलो. पाणी बरंच आटलं होतं. भेगा पडलेल्या गाळात जुन्या पाराचे गोल रचलेले दगड उघडे पडले होते. मावशी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे.

"आता तुम्ही सांगा," मी म्हणालो. गप्प उभं राहणं मला जन्मात जमलेलं नाही, त्या दिवशी जमलं. सासरा चुलीपाशी बसून जे सांगायचा, ते तिनं सांगितलं. पारावर कोण कुठं बसलं होतं, बायकांनी भाकऱ्या कशा बांधून दिल्या, तुरुंगातून परत आला तेव्हा त्याच्या खाचरात पाणी कसं भरलं होतं. ऐकणाऱ्या एका पोरीनं विचारलं, "आजी, नाव काय होतं त्यांचं?"

मावशी अडली. माझ्याकडे पाहू लागली.

मी नाव घेतलं, खणखणीत. सासरा समोर येऊन उभा राहावा तसा तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि म्हणाली, "आता जाग्यावर घेतलं, चाचा."