चौथ्या मजल्यावरची वही

माणसाच्या मनाचा तळ फक्त रहस्यकथाच दाखवते, असे मी तीस वर्षे मानत आलो. निवृत्तीनंतर पनवेलला राहायला आलो तेव्हा सामानात कपड्यांपेक्षा खुनाची पुस्तके जास्त होती. त्यांतला एक नियम मला पाठ होता: नजरेला नजर न देणारा, ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट करणारा माणूस शेवटच्या प्रकरणात एकतर खुनी निघतो, नाहीतर खुनी शोधून देतो. तिसरे काही करायची मुभा लेखक त्याला देत नाही.

आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक शिक्षिका भाड्याने राहत होत्या, सोबत त्यांचा चाळिशीचा स्वमग्न भाऊ. रोज सकाळी तो गॅलरीत उभा राहून फाटकाकडे बघायचा, वहीत काहीतरी लिहायचा आणि आत जायचा. दोन वर्षे कुणाला त्याचे काही वाटले नाही. मग एका आठवड्यात पार्किंगमध्ये दोन मांजरे मेलेली सापडली.

त्याच आठवड्यात सेक्रेटरी माझ्याकडून नेलेली कादंबरी परत द्यायला आले.

"तुमच्या पुस्तकातला तो, सेम आपला चौथा मजला," ते म्हणाले. "तोही मांजरांपासूनच सुरुवात करतो."

मी हसलो. ते गेल्यावर दाराची साखळी लावली. मग रोजच लावू लागलो.

बाईंचा भाडेकरार संपत आला होता, आणि तो वाढवायला सोसायटीचे ना हरकत पत्र लागते. ते द्यायचे की त्यांना घर सोडायला लावायचे, यासाठी सभा बोलावली. गणपूर्ती झाली नाही म्हणून ती नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली. म्हणजे आम्ही नऊ जण त्याच खुर्च्यांवर बसून राहिलो. बाई समोर होत्या. हवेत तळोजा एमआयडीसीचा रासायनिक वास होता. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हते. नजर चुकवण्यावरून खुनी ठरवायचा असता, तर नऊही जण अडकलो असतो.

"दोन वर्षांत त्यानं कुणाला काही केलंय का?" बाईंनी विचारले.

"अजून नाही," खजिनदार म्हणाले. "तो लिहितो काय, तेवढं सांगा मॅडम."

बाई वर जाऊन वही घेऊन आल्या. सेक्रेटरींनी ती माझ्या हातात दिली.

"वाचा. तुमचा विषय आहे."

मी वही उघडली. भीतीने, आणि खरे सांगायचे तर आशेनेही: मांजरे मारणारा यात सापडला तर हा सुटेल, आणि माझी पुस्तकेही. पानापानावर तारीख, वेळ आणि एकच शब्द: आली. दर मंगळवारी: नाही आली.

"कोण?" खजिनदारांनी हळूच विचारले.

"कचऱ्याची गाडी," बाई म्हणाल्या. "तो सांगतो, मग मी डबे खाली नेते. वही लवकर द्या, सकाळी लागेल त्याला."

अर्धा तास भरला. सेक्रेटरींनी घड्याळ पाहून सभा सुरू झाल्याचे सांगितले आणि पत्रावर सही केली. मांजरे कशाने मेली ते आजवर कळलेले नाही. इतिवृत्तात त्या दिवशीचा दुसरा ठराव असा आहे: मंगळवारी गाडी येत नाही, तरी सभासदांनी त्या दिवशी कचरा खाली ठेवू नये.