तुझ्या जागेवर कोण?

बुधवार, होळीच्या दोन दिवस आधी. घाटंजीची आमची कापसाची जिनिंग. बैठकीला हजर: मी, तांड्यावरच्या सुमनबाई राठोड, गावातल्या शमीमआपा आणि दोघींसोबत काम करणाऱ्या बाया. गैरहजर: देवराव चौकीदार, फाटकावर. विषय: होळीला कोणाच्या जागेवर कोण.

हा विषय कादरभाईंचा. माझ्या आधी ते इथले मॅनेजर होते, तेव्हा मी मजुरांची हजेरी लिहायची. समोरचा माणूस उभा राहून बोलत असेल, तर कादरभाई स्वतः खुर्चीतून उठत. मजूर असो की ट्रकवाला, बोलणं उभ्याउभ्याच व्हायचं.

त्या काळी सुट्टीसाठी कारण लागायचं, आणि चालणारं कारण म्हणजे मरण. एका होळीच्या आधी सुमनबाई सासू वारल्याचं सांगून सुट्टी मागायला आल्या. कादरभाई उठले.

"सुमनबाई, कोणती सासू? मांगच्या होळीले गेली तेच काय?"

"तेच जी. थोडी उरली होती."

कादरभाई चष्मा काढून हसत राहिले. त्या गेल्यावर मला म्हणाले, "ताई, सुट्टीसाठी बाईले सासू मारा लागते, म्हणजे चूक आपली हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "आजपासून कारण नको. तुया जागेवर कोण, तेवढं सांग."

जिनिंगचे मालक शेठजी भडकले. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. "होळीला मशीन थांबली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही येऊ नका," ते म्हणाले. कादरभाईंनी मान डोलावली.

होळीच्या सकाळी मी हजेरीची वही घेऊन फाटकावर उभी होते. तांड्यावरची एकही बाई येणार नव्हती. भोंगा व्हायच्या जरा आधी गावाकडून शमीमआपा येताना दिसल्या, मागे त्यांच्या मोहल्ल्यातल्या बाया. सुमनबाई आदल्या बाजाराच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन ठरवून आल्या होत्या: होळी तुम्ही सांभाळा, ईद आम्ही सांभाळतो. आम्हाला कोणी विचारलंही नव्हतं. मशीन दिवसभर चालली. संध्याकाळी शेठजींनी कादरभाईंसाठी चहा मागवला.

तेव्हापासून आमच्याकडची एकही सासू मेलेली नाही. आज मी ज्या खुर्चीत बसते, तिथून उठायला मी कादरभाईंकडूनच शिकले.

कादरभाई काम सोडून मुलीकडे उमरखेडला राहायला निघाले, त्या दिवशी ते फाटकापाशी स्कूटरवरून उतरले. देवरावने सलाम केला.

"देवराव, होळीले घरी कधी गेलता?"

"फाटक सोडून कुठी जाऊ, साहेब?"

कादरभाईंनी स्कूटर स्टँडला लावली. मग माझ्याकडे वळले. "ताई, आपण सगळ्याईच्या जागेवर माणूस पाह्यला. याचा राह्यला."

आजच्या बैठकीत सगळ्यांचं ठरलं. देवरावच्या जागी अर्धा अर्धा दिवस बसायला दोघी तयारही झाल्या. पण फाटकाची चावी शेठजी देवरावशिवाय कोणाच्या हाती देत नाहीत. त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे. होळी परवा आहे, आणि मी अजून बोललेली नाही.